पुणे ते गोवा विमानात कुठली खिडकी घ्यायची? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ओळखीतलं कुणी गोव्याला निघालं की मला फोन येतो, सीट कुठली घेऊ म्हणून, कारण मी या रूटवर बऱ्याचदा जाते आणि दर वेळी खिडकीला नाक लावूनच बसते. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. पुण्यापासून गोव्यापर्यंतचा हा तासाभराचा प्रवास म्हणजे सह्याद्रीचा नकाशा जिवंत बघणं आहे आणि तो चुकीच्या बाजूला बसून वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

जाताना उजवी बाजू की डावी?

उजवी. म्हणजे एअरबस किंवा बोइंगमध्ये एफ सीट. पुणे आणि गोवा नकाशावर जवळजवळ एकाखाली एक आहेत, विमान सरळ दक्षिणेला जातं, त्यामुळे उजव्या हाताला पश्चिम येते, आणि पश्चिमेला घाटमाथा, त्याच्या पलीकडे कोकण आणि त्याच्याही पलीकडे समुद्र. डाव्या हाताला देश. येताना हे सगळं उलटं होतं, तेव्हा ए सीट घ्यायची. लोकं इथेच गडबड करतात, रिटर्न तिकीट काढताना दोन्ही वेळा एफ टिक करतात आणि मग येताना दुसऱ्याच्या खिडकीकडे माना वळवून बघत बसतात.

मग तासभर समुद्र दिसत राहतो का?

नाही, आणि हे आधीच माहीत असलेलं बरं. विमान किनाऱ्यावरून जात नाही, घाटमाथ्याच्या आसपासनं जातं. रत्नागिरीचा किनारा तुमच्यापासून पन्नास-साठ किलोमीटर लांब असतो, हवा स्वच्छ असेल तर क्षितिजाजवळ एक चकाकती पट्टी दिसते, धुरकट असेल तर तीही नाही. पण किनारा जसजसा दक्षिणेला जातो तसतसा पूर्वेकडे सरकत येतो, म्हणजे आपल्याजवळ येतो, शिवाय विमानही खाली यायला लागलेलं असतं. त्यामुळे खरा समुद्र शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत, वेंगुर्ला, रेडी, तेरेखोल या पट्ट्यात. त्याच्या आधी जे दिसतं ते माझ्या मते समुद्रापेक्षा भारी आहे.

काय दिसतं नेमकं? मला तर वरनं सगळे डोंगर सारखेच दिसतात.

एक करा, निघायच्या आधी फोनमध्ये ऑफलाइन मॅप डाउनलोड करून ठेवा. एअरप्लेन मोडवर पण जीपीएस चालतं, खिडकीजवळ फोन धरला की थोड्या वेळात निळा ठिपका येतो आणि मग खाली दिसणाऱ्या प्रत्येक धरणाला नाव मिळतं. नाव मिळालं की डोंगर सारखे दिसायचे थांबतात.

पुणं सुटलं की पहिल्यांदा सिंहगड, टॉवरमुळे पटकन ओळखू येतो, मागे खडकवासल्याचं पाणी. मग राजगड आणि तोरणा, दोघांना जोडणारी डोंगराची धार वरनं स्पष्ट कळते. ट्रेक केला असेल त्यांनी ती धार जरूर शोधा, जिथे पूर्ण दिवस पाय ओढत चाललो ती दोन मिनिटांत मागे जाते. पुढे वाईजवळ धोम धरण, त्याच्या वर पाचगणीचं टेबललँड. इस्त्री केल्यासारखं सपाट, आणि तसं ते एकटंच नाही हे वरनंच कळतं. सगळा सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झालाय, त्यामुळे माथे सपाट आणि कडेला पायऱ्या पायऱ्या.

महाबळेश्वर गेलं की माझा सगळ्यात आवडता भाग, कोयनेचं पाणी. शिवसागर जलाशय तापोळ्यापासून कोयनानगरच्या भिंतीपर्यंत दक्षिणोत्तर पसरलाय आणि तो तलावासारखा गोल वगैरे अजिबात नाही, हाताची बोटं फाकवल्यासारखा प्रत्येक ओढ्याच्या खोऱ्यात घुसलेला आहे. फेब्रुवारीनंतर पाणी उतरायला लागतं तेव्हा वर जंगलाचा हिरवा, मधे उघड्या पडलेल्या मातीचा तांबडा पट्टा आणि आत निळं पाणी असं दिसतं, कुणीतरी पाण्याला काठ लावल्यासारखं. एका मोठ्या विमानाच्या खिडकीत हा जलाशय मावत नाही, मान पुढेमागे करावी लागते.

आणि त्याच्या लगेच पलीकडे जमीन संपते. अक्षरशः संपते. देशाकडनं डोंगर हळूहळू चढत येतात आणि पश्चिमेला एकदम कडा तुटतो, खाली सातशे-आठशे मीटरवर कोकण. घाटातनं गाडीनं उतरताना हे कधीच कळत नाही कारण आपण वळणं मोजत असतो.

माझी आई चिपळूणकडची. तिला पहिल्यांदा विमानानं नेलं तेव्हा मी तिला एफवर बसवलं, मी मधे. कोयनेची भिंत दिसली तसं तिनं काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, हे हेळवाक, म्हणजे हा कुंभार्ली, आणि ती खाली वळत गेलेली चंदेरी रेघ, ती आमची वाशिष्ठी. लग्नानंतर कितीतरी वर्षं ती त्याच घाटातनं एसटीनं कराडला यायची, तिथनं पुण्याला. कोयनेचं पाणी बोगद्यातनं पश्चिमेला पोफळीकडे सोडतात, वीज करून झाली की ते वाशिष्ठीला मिळतं, हे तिला शाळेपासून पाठ. पण वरची कोयना आणि खालची वाशिष्ठी एकाच खिडकीत एकाच वेळी तिनं पहिल्यांदा बघितली. नंतर गोवा येईपर्यंत ती माझ्याशी बोललीच नाही, नुसती बघत होती.

चांदोली, राधानगरी असं करत पुढे गेलात की जंगल दाट होतं, धरणं लहान होतात आणि आंबोलीच्या सुमाराला विमान उतरायला लागलेलं कानाला कळतं. आता खाली नारळाच्या बागा आणि जांभ्याचे सडे, म्हणजे तांबड्या खडकाची सपाट पठारं.

एक सांगून ठेवते, रूट दर वेळी डिट्टो तोच नसतो, वारा, ढग, ट्रॅफिक यांच्यामुळे थोडा इकडेतिकडे होतो. त्यामुळे एखादं धरण कधी पायाखाली येतं आणि दिसतच नाही. समुद्र मात्र जाताना उजवीकडेच.

एफ मिळालीच नाही तर? डावीकडे काहीच नाही का?

आहे ना. डावीकडे पुरंदर, साताऱ्याचा अजिंक्यतारा, कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम, पन्हाळा, कोल्हापूर. प्रीतिसंगम वरनं बघायला मजा येते कारण दोन नद्या समोरासमोर येऊन भेटतात आणि मग दोघी मिळून काटकोनात वळतात, असं सहसा कुठे बघायला मिळत नाही. बाकी उसाची शेतं आणि हायवे. वाईट नाही, पण चॉइस असेल तर उजवीच.

पुढचा रो घेऊ की मागचा?

पंखाच्या पुढचा. एअरबस ३२० मध्ये साधारण दहाव्या ते विसाव्या-एकविसाव्या रोपर्यंत खाली बघितलं की पंखच दिसतो. त्याच्या मागे बसलात तर पंख सुटतो, पण इंजिनातनं निघणारी गरम हवा तुमच्या खिडकीसमोरनं जाते आणि खालचं सगळं थरथरल्यासारखं दिसतं, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसतं ना तसं. डोळ्यांना चालून जातं, फोटोत कळतं. त्यामुळे पुढचे रो पहिली पसंती, नाहीतर अगदी शेपटीकडचे. मधले बिलकुल नको. एक्झिट रोला पाय पसरायला मिळतात म्हणून लोकं तो घेतात, पण तो बरोबर पंखावर असतो आणि तो लहान मुलांना आणि वयस्कर लोकांना देत नाहीत.

विंडो सीट म्हणून पैसे भरले आणि शेजारी नुसती भिंत होती, असं होतं का खरंच?

होतं, माझ्याबरोबरच झालंय. बोइंग ७३७ मध्ये डाव्या बाजूला पंखाच्या थोडं पुढे एसीचे पाइप भिंतीतनं वर जातात, तिथे खिडकी बसवताच येत नाही. सीटमॅपवर ती जागा विंडो म्हणूनच दिसते. गोव्याहून परत येताना एकदा मी मुद्दाम ए घेतली होती, पैसे भरून, आणि शेजारी पांढरी प्लॅस्टिकची भिंत. तासभर पुढच्या सीटच्या फटीतनं समुद्राचा एक तुकडा बघत आले, इतकं वाईट वाटलं. तेव्हापासून बुकिंगच्या वेळी विमान कुठलं आहे ते बघते, ७३७ असेल तर डावीकडचे नऊ ते बारा हे रो टाळते. आणि एअरबसमध्ये पण खिडक्या सीटच्या बरोबर समोर येतातच असं नाही, कधी खिडकी खांद्याच्या मागे जाते. बसल्या बसल्या चेक करा, मागचा-पुढचा रो रिकामा असेल तर दार बंद झाल्यावर क्रूला विचारून सरका, सहसा हो म्हणतात.

छोटं पंख्याचं विमान आलं तर घाबरू की खूश होऊ?

खूश व्हा! एटीआर ७२ मध्ये पंख खिडक्यांच्या वर असतो, त्यामुळे जवळजवळ कुठल्याही सीटवरनं खाली मोकळं दिसतं. दोन-दोन सीट असतात, मधली सीट हा प्रकारच नाही. शिवाय ते जेटपेक्षा खालनं आणि सावकाश उडतं, म्हणजे देवळं, साकव, होड्या असलं बारीकसारीक दिसतं. फक्त पुढच्या काही रोंना पंखा डोळ्यासमोर येतो आणि आवाजही जास्त, म्हणून तिथे मागचे रो घ्या. चढायचं-उतरायचं दार पण मागेच असतं. पावसाळ्यात थोडं हलतं, ते हलणारच.

सकाळची फ्लाइट चांगली की संध्याकाळची?

डोंगर बघायचे असतील तर सकाळची. ऊन पूर्वेकडनं म्हणजे तुमच्या पाठीमागनं येतं, पश्चिमेकडचं सगळं उजळलेलं असतं आणि डोळ्यावर काही येत नाही. संध्याकाळी हेच उलटं, एफवर थेट सूर्य आणि काचेवरचा प्रत्येक ओरखडा चमकतो. पण हिवाळ्यात सूर्यास्ताच्या वेळची मिळाली तर गोष्ट वेगळी, अरबी समुद्रात सूर्य जातोय आणि खाड्या एकेक करून तांब्यासारख्या पेटतायत, कोकणातली प्रत्येक नदी कशी नागमोडी जाते ते फक्त तेव्हाच इतकं स्वच्छ दिसतं. दुपारची मात्र घेऊ नका, सगळं सपाट आणि फिकट दिसतं कारण सावल्याच नसतात.

कुठल्या महिन्यात जावं?

सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर, डोळे झाकून. पाऊस नुकताच संपलेला, हवा धुतलेली, धरणं काठोकाठ, डोंगर हिरवे आणि कड्यांवर अजून काही धबधबे पांढऱ्या दोऱ्यासारखे लटकलेले. डिसेंबर-जानेवारीत सकाळी कोकणातल्या खोऱ्यांत धुकं भरलेलं असतं, वरनं दुधाच्या नद्या वाटतात, ते पण बघण्यासारखं आहे. मार्च ते मे हवा धुरकट, वणव्यांचा धूर, किनाऱ्याची अपेक्षा ठेवू नका. जून ते ऑगस्ट बहुतेक ढगच.

म्हणजे पावसाळ्यात खिडकी घेण्यात अर्थ नाही?

आहे, इंद्रवज्रासाठी. ढगांवर विमानाची सावली पडते आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याचं गोल कडं असतं. ट्रेक करणाऱ्यांना हा शब्द नवा नाही, १८३५ साली कर्नल साइक्सला हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यावरनं ते दिसल्याचं सांगतात आणि अजूनही लोकं त्यासाठी पावसाळ्यात कोकणकड्यावर ताटकळत बसतात. विमानात त्यामानानं खूप सोपं आहे. सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला बसायचं, खाली ढगांचा थर पाहिजे, आणि सावली जिथे पडेल तिथे नजर ठेवायची. सकाळी गोव्याला जाताना सूर्य डावीकडे म्हणजे इंद्रवज्र उजवीकडे, आपल्या एफलाच. विमान ढगांच्या जवळ आलं की सावली मोठी होते आणि लांब गेलं की नुसतं रंगीत कडं उरतं. अशी संधी असताना फोनवर रील बघत बसू नका प्लीज.

दाबोळी, मोपा की चिपी?

तिन्ही विमानतळ सड्यांवर आहेत, त्यामुळे उतरताना शेवटपर्यंत खाली दरी आणि मग अचानक धावपट्टी असं होतं, पहिल्यांदा जाणाऱ्याला सांगून ठेवा.

मोपा, म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, पेडण्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. किनाऱ्यापासून थोडा आत आहे. विमान पूर्वेकडनं उतरलं तर समुद्र लांबच राहतो, जंगल दिसतं. पश्चिमेकडनं उतरलं तर मात्र आधी समुद्रावर जाऊन वळतं आणि तेव्हा तेरेखोलची खाडी, केरीची वाळू असं सगळं मिळतं. कुठल्या बाजूनं उतरणार हे वारा ठरवतो, ते आपल्या हातात नाही.

दाबोळी किनाऱ्याला अगदी लागून. बऱ्याचदा विमान पूर्वेकडनं येतं, तेव्हा उजवीकडे झुआरी नदी आणि तिच्यावरचा नवा केबलचा पूल, डावीकडे माजोर्डा-कोलव्याची न संपणारी सरळ वाळू. परत निघताना पश्चिमेला टेकऑफ झाला तर धावपट्टी संपल्या संपल्या खाली समुद्र, मग विमान उत्तरेला म्हणजे उजवीकडे वळतं आणि त्या एका वळणात उजवीकडच्या लोकांना मुरगाव बंदर, मांडवीचं मुख, आग्वाद सगळं एका झटक्यात दिसतं. येताना ए घ्या म्हणते तरी दाबोळीहून निघताना ही दोन-तीन मिनिटं एफवाल्यांची असतात, हे कबूल करायला पाहिजे. नंतरचा पाऊण तास पुन्हा एचा.

चिपी म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळ, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, परुळ्याजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मालवण, देवबाग, भोगवे करायचं असेल आणि त्या काळात पुण्याहून फ्लाइट चालू असेल तर नुसत्या खिडकीसाठी सुद्धा हाच रूट घ्या असं मी म्हणेन. कर्ली नदी समुद्राला समांतर वाहत येते, मधे देवबागची माडांची चिंचोळी पट्टी, एका बाजूला नदी दुसऱ्या बाजूला समुद्र. जमिनीवरनं तिथे कितीदा गेले, पण ती पट्टी इतकी बारीक असेल असं वाटलं नव्हतं.

टेकऑफला पुणं दिसतं का? फोटो काढू का?

फोटो नाही. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे आणि दाबोळी नौदलाचा, आयएनएस हंसा, त्यामुळे तिथे जमिनीवर, टेकऑफला आणि लँडिंगला कॅमेरा बंद. अनाउन्समेंट होते, कधी कधी खिडकीचं शेड पण खाली करायला सांगतात, तेव्हा वाद घालू नका, वर गेल्यावर उघडायला सांगतात. शेड उघडं असेल तर डोळ्यांनी बघा. पश्चिमेकडे टेकऑफ झाला तर विमान डावीकडे वळून दक्षिणेला लागतं, तेव्हा डावी बाजू कलते आणि शहर डावीकडच्यांना दिसतं, पूर्वेकडे झाला तर उजवीकडच्यांना.

मोबाईलवर फोटो काढले की काचेत माझाच चेहरा येतो.

गडद रंगाचे कपडे घाला, पांढरा शर्ट काचेत हमखास दिसतो. फोन काचेच्या अगदी जवळ न्या पण टेकवू नका, टेकवला की विमानाची थरथर फोटोत येते. काच आतनं रुमालानं पुसून घ्या. खालच्या भागात जे बारीक भोक असतं त्याच्याभोवती कधी बर्फ जमतो, ते नॉर्मल आहे, काचांमधला दाब सांभाळायला ते ठेवलेलं असतं, फक्त फोटोत तेवढा भाग टाळा. आणि पोलराइज्ड गॉगल काढून ठेवा, त्याच्यातनं बघितलं की विमानाच्या प्लॅस्टिकच्या काचेवर इंद्रधनुषी डाग दिसतात, माझ्या आतेभावाला वाटलं होतं काच तडकलीय.

सीटसाठी वेगळे पैसे भरावेत का?

या रूटवर हो, नोव्हेंबरच्या सकाळी तर नक्कीच. एरवी वेब चेक-इन उघडल्या उघडल्या बघा, बऱ्याच कंपन्यांचं ४८ तास आधी उघडतं, कधी कधी मागच्या विंडो कमी पैशात मिळून जातात. तुम्ही दोघं असाल आणि दोघांनाही बघायचं असेल तर शेजारी शेजारी घेऊ नका, एकामागे एक दोन एफ घ्या. तासाभरात न बोलल्यानं काही बिघडत नाही, आणि "तो बघ राजगड" एवढं सीटच्या फटीतनं सांगता येतं.

शेजारचा म्हणाला शेड बंद करा, झोपायचंय, तर?

गोड बोलून सांगा की दहा मिनिटं थांबा, कोयना येतीये. बहुतेक वेळा त्यालाही बघायची असते, फक्त कुठे बघायचं ते माहीत नसतं. मी एका काकांना असं सांगितलं तर ते पाटणचे निघाले, मग झोप राहिली बाजूला, ते मला त्यांच्या गावाकडचा ओढा दाखवत बसले.